कंसातली कडी

वाचता वाचता ताईचा आवाज अडला. अडला म्हणजे काय, जेमतेम एक श्वास. पण तालमीच्या खोलीत तेवढंही पुरतं. सात जणांनी हातातल्या प्रतींवरून माना वर केल्या. एकोणीस वर्षं ती नव्या नाटकाच्या पहिल्या वाचनाला रंगसूचना वाचत आली होती. नट आपापले संवाद वाचत, मधे कंस आला की थांबत, आणि कंसातलं ती वाचायची: सपाट, एका पट्टीत, बसच्या थांब्यांची नावं पुकारावीत तशी. वडील खुर्चीवरून उठतात. खिडकी लावून घेतात. संवादात नटांनी काय ओतायचं ते ओतावं, कंसात काही ओतायचं नसतं. कंसात लिहिलंय ते घडतं, एवढंच, असं तिचं मत होतं आणि ते मत ती कुणालाही ऐकवायची. एखादा नवखा म्हणाला, मावशी, इथं मी पाणी नाही प्यायलो तर चालेल का, की ती म्हणे, लेखकानं तुला पाणी दिलंय, तू कोण नको म्हणणारा? पुराणात कंसमामा आणि आमच्याकडे कंसमावशी, असं पोरं तिच्यामागे म्हणत, आणि हल्ली तोंडावरही म्हणत. त्या दिवशी ती कंसमावशी बावन्नाव्या पानावर होती. मुलगी स्टूल ओढते, हे तिनं वाचलं. त्यावर चढते, हेही वाचलं. दाराची वरची, इथवर आली आणि जीभ टाळूला चिकटली.

"मावशी?" दिग्दर्शक म्हणाला. तिशीतला मुलगा, चष्मा कपाळावर चढवून बसायची सवय असलेला.

"अक्षर पुसट आलंय," ती म्हणाली. अक्षर पुसट नव्हतं. प्रती सकाळीच काढून आल्या होत्या, कागद अजून कोमट होता. "दाराची वरची कडी घालते."

पुढचा संवाद वडिलांचं काम करणाऱ्या जुन्या नटाचा होता आणि त्यांनी तो घेतला, म्हणून वाचन पुढे सरकलं. टेबलाच्या पलीकडच्या टोकाला नाटकाची लेखिका बसली होती. ती पेनाचं टोपण काढत होती, लावत होती, काढत होती. लेखिका म्हणजे ताईची धाकटी बहीण, चिमी. तेहतीस वर्षांच्या बाईला चिमी म्हणणारी आता जगात एकच व्यक्ती उरली होती, आणि तिच्याकडे चिमी बघत नव्हती. नाटक लिहिलंय हे ताईला महिनाभर आधी कळलं होतं. वाचायला दे म्हटल्यावर चिमी म्हणाली होती, "वाचनालाच ऐक ना, आधी वाचून काय करणार? तू काही बदलायला थोडीच सांगणार आहेस." ताईला तेव्हा ते कौतुक वाटलं होतं.

उरलेली वीस पानं तिनं कशी वाचली ते तिचं तिला ठाऊक नाही. तोंड वाचत होतं. डोक्यात मात्र एकच वाक्य घाण्याच्या बैलासारखं फिरत होतं: चिमीला आठवतंय, सगळं आठवतंय. त्या दोघींच्या घराच्या दारालाही वरचीच कडी होती. मधली मोडली होती, आणि चौदा वर्षांच्या मुलीचा हात वरपर्यंत पोचत नसे. हे दोघींखेरीज कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं, कारण एकोणीस वर्षांपूर्वी ताईनं शेजाऱ्यांना, आत्याला, चौकीतल्या हवालदाराला, सगळ्यांना एकच सांगितलं होतं: दार उघडं राहिलं आणि बाबा निघून गेले. इतक्यांदा सांगितलं की शेवटी तिला ते दार उघडंच दिसायला लागलं; जिन्यातला उजेड आतल्या फरशीवर तिरका पडलेला, उंबऱ्याशी बाबांच्या चपलांची मोकळी जागा. खोट्याला जपलं की तेही पाळलेल्या मांजरासारखं घरचं होतं, पायात घुटमळतं, आणि ते कुठून आलं हे कुणी विचारत नाही.

बाबा कपड्यांच्या कारखान्यात कटर होते. एका वेळी कापडाचे चाळीस थर कापायचे, आणि एवढ्या वर्षांत एक इंच वाया घालवला नाही असं स्वतःच सांगायचे. आई गेल्यावर दोन वर्षांत त्यांच्या डोक्यातले थर सरकायला लागले. आधी दिवस विसरले, मग मित्र, मग आई गेली हेही विसरले, आणि एका अर्थी सुटले. कारखाना तेवढा विसरले नाहीत. रोज दुपारी जेवण झालं की गळ्यात टेप अडकवायचे, चपला घालायचे आणि "जातो गं" म्हणून बाहेर पडायचे. बाहेर म्हणजे जिन्याच्या चौकापर्यंत. तिथं जरा वेळ उभे राहायचे आणि फिरून दार खटखटवायचे. दार उघडलं की "आलो गं," हात धुणार, खुर्चीत बसणार, अर्धा कप चहा घेणार, दमलात का बाबा, असं विचारलं की "काम वाढलंय" म्हणणार. अर्ध्या तासानं पुन्हा टेप, पुन्हा चपला. एका दुपारीत चार वेळा, पाच वेळा त्यांचा दिवस उगवायचा आणि मावळायचा. त्यांना जाऊ द्यायचं, मात्र खटखट झाली की लगेच उघडायचं, एवढा एकच नियम दोघी बहिणींनी आपसात ठरवला होता. डॉक्टर म्हणाले होते, अडवलंत तर चिडतील. आणि उघडलं नाहीत तर काय, हे विचारायचं तेव्हा कुणाला सुचलं नव्हतं.

ती दुपार उन्हाची होती. ताई चोवीस वर्षांची होती, रंगमंच-व्यवस्थेच्या कामाला लागून तिला महिना झाला होता आणि त्या संध्याकाळी तिचा पहिला प्रयोग होता, तिच्या एकटीच्या भरवशावरचा. आदल्या तीन दिवसांत ती मिळून आठ तास झोपली असेल. ती आतल्या खोलीत आडवी झाली होती, बाबा पाचव्यांदा बाहेर पडले होते, आणि चिमी बाहेरच्या खोलीत भूमितीची वही घेऊन बसली होती. हे एवढं ताईला नेहमी आठवायचं. त्यापुढे तिच्या आठवणीत दार उघडं राहायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून ती आपली प्रत तयार करायला लागली. ही तिची जुनी रीत: प्रत्येक पानासमोर एक कोरं पान, आत येणं निळ्या पेन्सिलीनं, बाहेर जाणं लाल पेन्सिलीनं, वस्तूंची यादी मागच्या पानावर. काल ती आधी सवयीनं, अर्थाकडे न बघता, आणि मग घाबरून वाचत होती, आज हातात पेन्सिल होती म्हणून जरा धीर होता. पहिला प्रवेश, दुसरा प्रवेश. वडील आत येतात. मुलगी चहा ठेवते. मुलगी दप्तर भरते. पहिल्या अंकाच्या शेवटी तिचा हात थांबला. दप्तर? आरोपीच्या पिंजऱ्यात आपल्याला उभं केलंय असं समजून ती काल रात्रभर तळमळली होती, आणि या मुलीच्या पाठीला तर दप्तर होतं. तिनं पात्रांची यादी पुन्हा काढून बघितली. वडील, वय बासष्ट. मुलगी, वय चौदा. शेजारी. हवालदार. संपली यादी. मोठी बहीण नव्हतीच. फोनवर नव्हती, बोलण्यात नव्हती, दोरीवर वाळत टाकलेल्या कपड्यांत नव्हती. बाबांना आंघोळ घालायला, औषधं द्यायला, त्यांची नखं कापायला त्या घरात ती एकटी चौदा वर्षांची पोर होती. ताईला आधी हायसं वाटलं. खांदे खाली आले, तिनं चहाचा घोटसुद्धा घेतला. घोट घशाखाली उतरेपर्यंत हायसं वाटणं संपलं होतं. आपल्याच घराच्या फोटोतून आपल्याला कुणीतरी कात्रीनं कापून काढावं, तेही इतक्या सफाईनं की कडा दिसू नयेत. बाबांचाच हात आला होता पोरीच्या हाताला.

वस्तूंची यादी करताना तिनं खुर्ची लिहिली, टेप लिहिला, कप लिहिले, भूमितीची वही लिहिली. स्टूल लिहिलं नाही. विसरली नव्हती. लिहिलं नाही.

तालमी एका बंद पडलेल्या शाळेच्या तिसऱ्या मजल्यावरच्या वर्गात होत. जमिनीवर चिकटपट्ट्यांनी घर आखलं होतं: ही बाहेरची खोली, ही आतली, हा जिन्याचा चौक. दार म्हणजे दोन खुर्च्यांमधली फट. पहिल्या आठवड्यात दिग्दर्शकानं जाहीर केलं की कंस सगळे बाजूला ठेवायचे. "लेखकानं संवाद लिहावेत. कोण कुठं उठतो, कुठं बसतो, ते आम्ही शोधू. कंस म्हणजे दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात जाऊन मीठ टाकणं." सगळे ताईकडे बघून हसले. आता कंसमावशी कडाडणार, असं सगळ्यांना वाटलं. ती पेन्सिलीला टोक काढत राहिली. तिच्या पोटात एक आशा उंदरासारखी तुरुतुरु पळून गेली.

"उडवा सगळे," चिमी म्हणाली. "स्टुलाचा तेवढा राहू दे."

"नेमका तोच मला कळत नाही," दिग्दर्शक म्हणाला. "पण राहू दे. बघू."

दुसऱ्या आठवड्यात एकदा चहाच्या सुट्टीत ताईनं चिमीला पायऱ्यांवर गाठलं. पंधरवडाभर दोघी कामाचं तेवढं बोलत होत्या. रविवारचा फोनही, तालमीला भेटतोच की, म्हणून बंद झाला होता. ताईनं वाक्य चार दिवस घोकलं होतं आणि बाहेर आलं ते भलतंच.

"तुझ्या नाटकात त्या घरात आणखी कुणी नाही."

"नाही."

"का गं?"

"पात्रं वाढली की दौऱ्याला गाडी मोठी लागते." चिमी हसली, आणि हसू अर्ध्यावर टाकून कपात बघत राहिली. "ताई, तू म्हणालीस ना सगळ्यांना, दार उघडं राहिलं? मीही तेच म्हणाले, तू म्हणालीस म्हणून. मग ज्या घरात दार उघडं राहिलं, त्या घरात तू आहेस. आणि ज्या घरात कडी घातली होती, तिथं मी एकटीच आहे. मी तरी काय करू? दोन्ही घरांत तुला कशी ठेवू?"

तिच्या बोलण्यात राग असता तर ताईला बरं वाटलं असतं. रागाला उत्तर देता येतं, निदान उलटा राग देता येतो. ही तर गणित सोडवून दाखवल्यासारखी बोलत होती. "चिमे," ताई म्हणाली, आणि वरून कुणीतरी हाक मारली की सुतार दार घेऊन आलाय, तुम्हीच या. ती गेली. बोलावलं म्हणून गेली, असं तिनं स्वतःला सांगितलं. न बोलावता उठली असती हेही तिला कळलं, जिन्याच्या चौथ्या पायरीवर.

सुतारानं खरं दार आणलं होतं, चौकटीसकट, मागून तिरक्या फळ्यांचा टेकू दिलेलं. तो दाराभोवती फिरत होता आणि हातातल्या पट्टीनं आपल्याच मांडीवर मारत होता. "बाई, एक सांगा. तुमच्या कागदात कडी आहे, पण यादीत स्टूल नाही. आणि कडी म्हणताय वर. ती पोरगी काय उडी मारणार आहे?"

"यादीत नाही?" दिग्दर्शक म्हणाला. "मावशीच्या यादीत चूक? आज सूर्य पश्चिमेला उगवलाय काय?"

"राहिलं असेल," ताई म्हणाली.

"मग मधे लावतो की," सुतार म्हणाला. "इथं. हात सहज जातो. स्टुलाचं लचांड नको, लाकूड वाचेल, पोरगी पडायची भीती नको. शिवाय मधली कडी लोकांना शेवटच्या रांगेतून दिसते. वरची कुणाला दिसणार, दिव्यांच्या वर?"

"पटतंय," दिग्दर्शक म्हणाला. "स्टूल ओढा, चढा, उतरा, फार वेळ जातो त्यात. माणूस रागाच्या भरात एक गोष्ट पटकन करतो. स्टूल ओढेपर्यंत राग जातो."

"वरचीच होती," चिमी म्हणाली.

होती. वरचीच पाहिजे, असं नव्हे. सुतार पट्टीनं माप घेत होता, दिग्दर्शक चष्मा शोधत होता, तो कपाळावरच होता. ऐकलं एकट्या ताईनं. आणि दिग्दर्शकाचं वाक्य मात्र तिच्या कानात रुतून बसलं. स्टूल ओढेपर्यंत राग जातो. खरंच होतं ते. चौदा वर्षांची मुलगी वही बाजूला ठेवते, उठते, स्वयंपाकघरातून स्टूल ओढत आणते, फरशीवर त्याचा कर्र आवाज होतो, चढते, टाचा उंचावते. इतकं सगळं कुणी रागाच्या झटक्यात करत नाही. इतकं सगळं माणूस सांगितलेलं ऐकतो तेव्हा करतो.

आणि मग तो कर्र आवाज तिला आला. आठवला म्हणणं बरोबर नाही, आला. उशीवर एक कान दाबलेला, दुसरा उघडा, डोळे मिटलेले, जिभेवर झोपेची कडवट चव, आणि भिंतीपलीकडे फरशीवर ओढल्या जाणाऱ्या स्टुलाचा आवाज. तो ऐकून तिला काय वाटलं होतं? बरं वाटलं होतं. चला, घातली एकदाची. आता झोपते. तिनं कूस बदलली होती, उशी उलटी करून तिची गार बाजू गालाला लावली होती. पाऊण तासानं उठली तेव्हा चिमी दाराशी स्टुलावर बसलेली होती आणि बाहेर कुणी नव्हतं. बाबा दुसऱ्या दिवशी सापडले, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. कारखान्याचं आता गोदाम झालं होतं, त्याच्या पायऱ्यांवर. तेवढं अंतर ते भर उन्हात चालत गेले होते, वाट न चुकता. तिसऱ्या दिवशी इस्पितळातच वारले. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, हे घरातून बाहेर पडलेच कसे, आणि ताईच्या तोंडून पहिल्यांदा ते वाक्य निघालं. शेजारी चिमी शाळेच्या गणवेशात उभी होती. तिनं ताईकडे बघितलं होतं. बराच वेळ बघितलं होतं.

"स्टूल मी आणते," ताई सुताराला म्हणाली. "कडी वरच लाव."

स्टूल आलं. दाराला वरची कडी लागली. आणि तो प्रवेश बसेना. मुलीचं काम करणारी नटी वीस वर्षांची होती, हुशार होती, आणि हुशार नटांचा असतो तसा तिचा दोष एकच होता: कारण कळल्याशिवाय तिचा हात हलायचा नाही. पाच दुपारी झाल्या. ती वहीवरून उठायची, स्टुलापर्यंत जायची आणि थांबायची. "का घालते ती कडी? चार वेळा तिनं दार उघडलंय, हसून उघडलंय. पाचव्या वेळी काय झालं?" दिग्दर्शकानं राग करून बघायला सांगितला. खोटा वाटला. भीती बघितली, खेळ बघितला, कंटाळा बघितला. सगळं तुकड्यातुकड्यानं बरं आणि स्टुलाशी येऊन खोटं. वडिलांचं काम करणारे जुने नट दारापलीकडे, चिकटपट्टीच्या चौकात, गळ्यात टेप घालून ताटकळत उभे असायचे.

सहाव्या दुपारी नटी स्टुलावर चढली आणि तशीच खाली उतरली. "सॉरी. मी वैतागले आहे. इथं काहीतरी राहिलंय. पान राहिलंय असं वाटतं."

"काही राहिलं नाही," चिमी म्हणाली. ती भिंतीशी बसली होती, गुडघे जवळ घेऊन. "कारण नाही. ती घालते."

"असं कसं? कारण नसताना कुणी..."

"मग असं समज की ती वाईट आहे." चिमीचा आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता. "काही मुलं असतात वाईट. वडील दाराबाहेर आहेत, म्हातारे आहेत, त्यांना काही कळत नाही, हे माहीत असतं आणि तरी घालतात कडी. मी एकोणीस वर्षं कारण शोधलंय, मला मिळालं नाही. तुला पाच दिवसांत कुठून मिळणार?"

दिग्दर्शकाच्या चेहऱ्यावर काहीतरी उमगल्यासारखं झालं आणि त्यानं नजर खाली घातली. नटी हळूच म्हणाली, "परत करते मी," आणि वही घेऊन जागेवर बसली. ताई आतल्या खोलीच्या पट्टीपलीकडे आपल्या खुर्चीत होती, मांडीवर प्रत, बोट ओळीवर. विसरलेल्याला ओळ पुरवणं हेही तिचंच काम. एकोणीस वर्षांत तिनं हजारो ओळी पुरवल्या असतील, अशा की नटाला वाटावं त्यालाच आठवलं, प्रेक्षकाला तर कळूच नये. तिच्या बोटांखाली पानाचा कोपरा वळला होता. जुन्या नटांनी पलीकडून दार खटखटवलं. एकदा. दोनदा. नटीनं वहीवरून मान वर केली, ती उठली, आणि नेहमीच्या जागी येऊन थांबली. तिच्या पाठीत, मानेत, दोन्ही लोंबत्या हातांत ताईला तेव्हा नटी दिसली नाही. चौदा वर्षांची, दोन वेण्या घातलेली, कुणीतरी काहीतरी सांगावं म्हणून आतल्या खोलीकडे बघणारी मुलगी दिसली. तिनं बघितलं होतं. उघडू का, असं तिनं विचारलंही होतं.

"कडी घाल गं," ताई म्हणाली. "दहा मिनिटं. खटखटवू दे त्यांना."

नटीनं विचार केला नाही. ती वळली, तिनं स्टूल ओढलं, फरशीवर कर्र आवाज झाला, ती चढली, टाचा उंचावल्या, आणि कडी खाडकन बसली. सगळं एका श्वासात, पाणी उतारावरून जावं तसं.

"हे," दिग्दर्शक उभा राहिला. "हे कुठं आहे? कुठल्या पानावर?"

"नाही पानावर," ताई म्हणाली. तिनं प्रत मिटली. "लिहायचं राहिलं. त्या घरात मोठी बहीण होती. आतल्या खोलीत निजली होती. तिनं सांगितलं, म्हणून हिनं घातली." आणि मग भिंतीकडे बघून, कारण इतर कुणाकडे बघून ते बोलता येणार नव्हतं, "मी सांगितलं, चिमे. दार उघडं नव्हतं राहिलं."

चिमी उठली नाही. तिचे ओठ हलत होते, आवाज मागाहून आला. "तू म्हणाली होतीस?"

"हो."

"खरंच म्हणाली होतीस? हेच? दहा मिनिटं?"

"हेच."

"मला ऐकू यायचं," चिमी म्हणाली. "कित्येकदा ऐकू यायचं. मला वाटायचं, मी रचलंय. स्वतःला सोडवून घ्यायला तुझ्या तोंडी घातलंय. म्हणून तुला काढूनच टाकलं. खोटं नको लिहायला म्हणून." तिनं तोंडावर हात ठेवला. रडली नाही, दम लागल्यासारखा श्वास घेत राहिली, लांब पळून आलेल्या माणसासारखा. ताईला वाटलं, उठावं, तिच्याजवळ जाऊन बसावं. पण जवळ जाण्याचा हक्क आपण मागायचा नाही, ती देईल तेव्हा घ्यायचा, एवढं तिला त्या घटकेला कळलं, आणि ती खुर्चीतच बसून राहिली. दिग्दर्शकानं कपाळावरचा चष्मा काढला आणि सदऱ्याला पुसत बसला. चांगला मुलगा होता.

शेवटी चिमीनंच पेन काढलं. प्रत गुडघ्यांवर ठेवली, बावन्नावं पान काढलं. "मोठी बहीण," ती लिहिता लिहिता म्हणाली, "आतून." पेन थांबलं. "कंसात काय लिहू? कशी म्हणते ती? चिडून?"

ताईनं खूप शोधलं. चिडून म्हटलं असतं तर बरं होतं. थकून, हेही खोटं नव्हतं, आणि त्या शब्दाच्या मागे लपायला पुष्कळ जागा होती. समोर सहा माणसं होती, दारापलीकडे सातवा.

"सहज," ती म्हणाली. "सहज म्हणते."

चिमीनं तिच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग मान खाली घालून तो शब्द लिहिला.

दारापलीकडून जुन्या नटांनी खाकरून विचारलं, "लेखिकाबाई, मी काय करू? इथं नुसतं लिहिलंय, वडील खटखटवत राहतात. किती वेळ, ते नाही."

"ताईला नाही माहीत," चिमी म्हणाली. "ती झोपली होती. मला माहीत आहे. तुम्ही सुरू करा, मी हात वर करेन तेव्हा थांबा."

पुन्हा मागून घेतलं. नटी वही घेऊन बसली. दारावर खटखट झाली, तिनं आत बघितलं, ताईनं आपली ओळ म्हटली, जशी म्हणाली होती तशीच, स्टूल ओढलं गेलं, कडी बसली. बाबा खटखटवायला लागले. आधी रोजच्यासारखं, तीन टिचक्या आणि मधे विसावा. मग जरा जोरात. मग पंजानं. "आलो गं," जुने नट म्हणाले, ते संहितेत नव्हतं, पण चिमीनं अडवलं नाही. ताईला वाटलं आता हात वर होईल. झाला नाही. खटखट मंदावली, पुन्हा वाढली, एकदा थांबली, आणि संपली म्हणून नटी स्टुलावरून उतरायला गेली तर पुन्हा सुरू झाली, अगदी खालून, कुणी उंबऱ्याशी बसून दार वाजवावं तशी. खिडकीतलं ऊन फळ्यावरून भिंतीवर सरकलं. ताई उठून उभी राहिली होती, कधी ते तिला कळलं नाही. तिनं प्रत खुर्चीवर ठेवली. चिमीचा हात मांडीवरच होता आणि तिची नजर दाराकडे नव्हती, ताईकडे होती. दार वाजत होतं. ताई ऐकत राहिली.